ताठबाईंचा तर्क

लिफ्टचं दार मिटलं, खाली जाताना पोटात येतो तो हलका झोल आला आणि तेवढ्यात आईनं लेकीची बाही ओढली. पूर्वी आई कानात काही सांगायची तेव्हा वाकायची. आता टाचा उचलून, हनुवटी वर करून सांगते. तशीच टाचा उचलून आई म्हणाली, "त्या डॉक्टरला कशाला सांगायचं, म्हणून बोलले नाही. मी ती गोळी पाण्याबरोबर घेतच नाही मुळी. दुधाबरोबर घेते." आणि वर्गात सगळ्यांच्या आधी गणित सुटलेल्या मुलीसारखं तोंड करून ती लिफ्टच्या आकड्यांकडे पाहत उभी राहिली. लिफ्टमध्ये चाकांची रिकामी खुर्ची घेऊन एक परिचारक उभा होता. त्याचे खांदे आपोआप मागे गेले. आईशेजारी माणसांचं असंच होतं. जन्मभर तिनं शाळेत कवायत शिकवली. पोरं पाठीमागे तिला ताठबाई म्हणायची आणि आई ते नाव पदवीसारखं मिरवायची. परिचारकाला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण पाठीला पाठीची भाषा कळते. लेकीच्या आत मात्र काहीतरी निसटलं. जिना संपला असं समजून टाकलेलं पाऊल आणखी एक पायरी खाली जावं, तसं.

वरच्या मजल्यावर नुकतंच जे झालं होतं ते तिनं पुन्हा मनात फिरवून पाहिलं. पडद्यावर आईचा कणा. करड्या अंधारात एकावर एक रचलेले मणके, आणि त्यातला एक पुढच्या बाजूनं दबलेला, घाईत बसलेल्या माणसाखालच्या उशीसारखा. डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड, पण पडद्याशीच बोलायचा. दोन वर्षं गोळी घेऊनही हाडं भरली नाहीत, उलट उतरलीच, असं तो म्हणाला. आठवड्याची गोळी ठरल्या दिवशी घेता ना? घेते. रिकाम्या पोटी? हो. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, ते पाळता? "आडवं?" आई म्हणाली होती, "मी दिवसाउजेडी कधी आडवी झालेली नाही." नुसत्या साध्या पाण्याबरोबर घेता ना? "हो हो." तिथेच तिला काहीतरी खटकलं होतं. आई 'हो' दोनदा कधीच म्हणत नाही. आणि डॉक्टर म्हणाला होता की मग ही औषधं तुम्हाला लागू पडत नाहीत असंच धरायचं; हे कूळच बंद करू आणि दुसऱ्या जातीचं रोज टोचायचं औषध सुरू करू, पुढच्या आठवड्यात या. "रोज?" आई म्हणाली होती, "मी काय टाचण्यांची उशी आहे?" डॉक्टर हसला होता, लेक हसली होती. आणि आता लिफ्ट खाली पोहोचली होती, दार उघडलं होतं, आई बाहेर पडून दहा पावलं पुढे गेली होती, आणि लेकीचा हात अजून लिफ्टच्या गजावरच होता.

हे दुसऱ्या कुणाच्या आईनं केलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण लेकीचं पोट ह्याच गोष्टीवर चालत होतं. धातू आणि फॉस्फोनेट यांची लग्नं लावणं हा तिचा धंदा, असं ती पाहुण्यांना सांगायची. फॉस्फोनेट म्हणजे मध्ये फॉस्फरस, त्याला ऑक्सिजनचे तीन हात आणि पाठीमागे कार्बनचं शेपूट. धातू दिसला की हे हात झडप घालतात. जस्त असो, कोबाल्ट असो, कॅल्शियम असो, सोडायची बात नाही. बरं, एकाला धरून थांबत नाहीत. एका हातानं हा, दुसऱ्यानं तो, असं शेजारीपाजारी सगळ्यांना गोवत नेतात आणि पत्र्यासारखे थरावर थर होतात, शेपटं दोन्ही अंगांनी बाहेर. देखणी रचना. पण ती दिसायला स्फटिक लागतो, आणि स्फटिक म्हणजे सबुरी. फॉस्फोनेटपाशी नेमकी तीच नाही. दोन नितळ द्रावणं एकत्र ओतली की क्षणात पांढरा साका, पीठ. मग त्यांना रोखायचं. आम्ल घालून हात बांधून ठेवायचे, पोलादी भांड्यात पक्कं कोंडायचं, भट्टीत ठेवायचं, हळूहळू निववायचं, आणि झाकण उघडताना देवाचं नाव घ्यायचं नाही असं ठरवूनही घ्यायचं. बहुतेक वेळा आत पीठच. तिच्या प्रयोगशाळेला बाकीचे लोक गिरणी म्हणायचे. आईची गोळी ह्याच कुळातली. एकाच कार्बनवर दोन फॉस्फोनेट, म्हणजे हात दुप्पट. हाडात कॅल्शियम असतं, ही तिथे जाऊन घट्ट बसते आणि हाड कुरतडणाऱ्या पेशींना आवर घालते. पण तिथवर पोहोचली तर. वाटेत पोटातच दुधातलं कॅल्शियम भेटलं तर ती तिथेच त्याला मिठी मारणार, आणि ती मिठी आतड्याच्या दारातून आत जाण्यातली नाही. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि दिवाही काही छोटामोठा नाही, भट्टीच.

टॅक्सीत बसल्यावर तिनं अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "दुधाबरोबर का गं?" खिडकीतून रस्ता मागे पळत होता, एका दुकानाची काच पुसणारा माणूस, थांब्यावर डुलक्या घेणारी बाई. आई खिडकीबाहेर पाहत होती, पण उत्तर तिच्या तोंडात तयार होतं. बहुधा दोन वर्षं तयार होतं, कुणी विचारण्याचीच खोटी होती. "अगं, तूच नाही का सांगितलंस? ह्याला कॅल्शियम दिसलं की दुसरं काही दिसत नाही म्हणून. म्हटलं, मग बिचारीला रिकाम्या हातानं हाडापर्यंत कशाला पाठवायचं? आधीच दुधातलं कॅल्शियम हातात दिलं तर जाताना भरल्या हातानं जाईल. हाडाला तेच हवंय ना? बरोबर आहे की नाही?" "पण त्या कागदावर..." ती म्हणायला लागली. "पाकिटातल्या कागदावर पाणीच लिहिलंय, ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "पण तो कागद सगळ्या दुनियेसाठी. ज्यांच्या घरात कुणी जाणतं नाही त्यांच्यासाठी. माझ्या घरात आहे." हे शेवटचं वाक्य तिनं टॅक्सीवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. टॅक्सीवाल्यानं आरशातून पाहिलंही. "मुलगी डॉक्टर आहे का?" त्यानं विचारलं. "डॉक्टर काय, डॉक्टर लोक जी औषधं देतात त्यांच्या आतलं काय कुणाला धरतं ते हिला ठाऊक असतं," आई म्हणाली. टॅक्सीवाल्यानं मान हलवली आणि गिअर बदलला.

दोन वर्षांपूर्वीची, गोळी नुकतीच सुरू झालेली असतानाची ती संध्याकाळ तिला लख्ख आठवली. अनेक महिन्यांच्या पिठानंतर एका भांड्याच्या तळाशी चकाकणारे कण मिळाले होते, आणि क्ष-किरणांच्या यंत्रावर बसणारा तिचा जुना सहकारी, ज्याला सगळे दाढी म्हणायचे, त्यानं फोन करून फक्त एवढंच म्हटलं होतं, "गिरणीबाई, अभिनंदन, हे पीठ नाही." जगात आधी कुणी न पाहिलेली रचना. जस्ताचे थर, मध्ये दारं असलेले. ती घरी आली ती जमिनीला पाय न लागता. सांगायला घरात आई. जेवता जेवता आईनं विचारलं, "पण तू नक्की करतेस तरी काय?" इतक्या वर्षांत हा प्रश्न आईनं कितीदा विचारला असेल आणि तिनं "तुला नाही कळायचं" असं न म्हणता तसंच उत्तर कितीदा दिलं असेल. त्या दिवशी मात्र तिनं हात धुतले आणि बोटांनी दाखवलं. हे बघ, हा फॉस्फरस, मूठ. ही तीन बोटं ऑक्सिजन. हा तुझा अंगठा धातू. धर. आता दुसऱ्या हाताचा. आईच्या बोटांत तिची बोटं अडकली, आईनं खेचून पाहिलं, सुटेनात, दोघी हसायला लागल्या. आणि मग, कारण समोरचं माणूस ऐकत होतं, खरंच ऐकत होतं, ती पुढे बोलत गेली. तुझी हाडांची गोळी आहे ना, ती ह्याच घराण्यातली. कॅल्शियम दिसलं की हिला जग दिसत नाही. ती वाक्यं म्हणताना तिच्या अंगावर शहारा आला होता. आपलं काम आणि आपली आई एका वाक्यात मावली म्हणून. आणि तिथे ती थांबली होती. वाक्य इतकं छान झालं होतं की त्याच्यापुढे आणखी काही असू शकतं हे तिला सुचलंच नव्हतं. म्हणूनच, हो, म्हणूनच दूध चुकायचं, एवढंच उरलं होतं. एक घास. तोच ताटात राहिला आणि आईनं आपल्या बुद्धीनं पूर्ण केला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिनं भट्टीतलं भांडं काढलं, पान्यानं झाकण सैल केलं, आत टेफ्लॉनच्या वाटीत पाहिलं. पीठ. एरवी ती एक शिवी हासडून वाटी धुवायला टाकायची. आज ती त्या पांढऱ्या गाळाकडे पाहत बसली. आठवड्याच्या आठवड्याला, पहाटे, ती फिरायला बाहेर पडल्यावर, स्वयंपाकघरात ताठ उभी राहून आई हेच करत होती. उष्णता शरीराची, भांडं पोटाचं, ढवळणं निसर्गाचं. धातू आणि फॉस्फोनेट. तिच्याच क्षेत्रातला प्रयोग, तिच्याच घरात, तिच्या नाकाखाली, आणि निष्कर्ष तोच: पीठ. आणि दरम्यान तो मणका हळूहळू बसत होता.  पण त्या मणक्यामागे दुसरंच काहीतरी उभं होतं, आणि त्याच्याकडे पाहायला तिला भीती वाटत होती. ते दुःख नव्हतं. किती सभांमध्ये ती बोलली होती. अंधारी खोली, पडद्यावर तिचे थर, समोर मोजकी डोकी, त्यातलं एक पेंगणारं. शेवटी सभाध्यक्ष विचारायचा, कुणाला काही प्रश्न? आणि शांतता, आणि मग माणुसकी म्हणून अध्यक्षच एखादा प्रश्न विचारायचा, जो तिच्या कामाबद्दल नसायचाच. तिचे लेख कुणी वाचले असतील तर ते तिच्यासारख्याच चार गिरणीवाल्यांनी, तेही आपलं नाव आलंय का ते पाहायला. आणि इथे एक कवायतीची शिक्षिका, सत्तरी उलटलेली. तिनं हे काम ऐकलं, मनात धरलं, त्यावरून पुढचं एक पाऊल स्वतः टाकलं आणि स्वतःच्या हाडांची बाजी लावून ते तपासत राहिली. तर्क चुकला. पण तर्क होता. कॅल्शियमला धरते, हाडाला कॅल्शियम हवं, म्हणून भरून पाठवू. तिच्या हाताखाली काम करून गेलेल्यांपैकी किती जणांनी इतकं सरळ काहीतरी मांडलं होतं? लाज वाटायला हवी होती, वाटतही होती. आणि त्या लाजेच्या मागे, लग्नघरात रडता रडता हसू फुटावं तसा, बेशरम, उबदार अभिमान वर येत होता. ती उठली आणि वाटी धुवायला घेतली.  दाढी दारातून डोकावून म्हणाला, "काय गिरणीबाई, आज दळण जास्त झालं का?" ती म्हणाली, "घरूनही येतंय आता." त्याला काही कळलं नाही. तो हसला, कारण तो नेहमी हसायचा.

सांगायचं कसं, हा प्रश्न होता. न सांगण्याची सोय नव्हती. न सांगितलं तर डॉक्टर ह्या औषधांवर कायमची काट मारणार होता, आणि ज्याला कधी संधीच मिळाली नाही ते नापास ठरणार होतं. डॉक्टरला परस्पर फोन करता आला असता. पण मग ती शहाणी ठरणार आणि आई त्याच्या नजरेत एक विसरभोळी म्हातारी, कागद न वाचणारी. आई तसली नव्हती. आईनं कागद वाचला होता. संध्याकाळभर ती शब्द जुळवत राहिली आणि शेवटी, माणसं करतात तेच तिनं केलं. पोळ्या लाटता लाटता, पाठमोरी, म्हणाली, "आई, त्या गोळीचा नवा प्रकार आलाय म्हणे. आता ती पाण्याबरोबरच घ्यायची."

"कधी आला?"

"आत्ताच. बाहेरून तशीच दिसते. आतून बदललीय."

 मागे खुर्ची सरकली. "पोट दुखतंय म्हणून कवायत चुकवणाऱ्या पोरी जन्मभर पाहिल्यात मी," आई म्हणाली. "त्याही अशाच, माझ्याकडे पाठ करून सांगायच्या. इकडे वळ."

ती वळली. पिठाचे हात तसेच हवेत.

"माझं काही चुकलंय का?"

"हो," ती म्हणाली. आणि आईचा चेहरा पडायच्या आत, पडतो की काय हे पाहायचं धाडस नसल्यामुळे, घाईघाईनं म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर प्रयोगशाळेत चल. मला तोंडानं नाही सांगायचं. तोंडानं सांगून झालंय एकदा."

आई आली ती शाळेच्या तपासणीला निघाल्यासारखी, इस्त्रीच्या कपड्यांत, आणि पर्समधून तिनं औषधाच्या बाटलीसारखी एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. दूध. "पुरावा घेऊन आलेय," ती म्हणाली. तिला संरक्षक चष्मा दिला तर तो घालून तिनं आधी भट्टीच्या काचेत स्वतःला पाहून घेतलं. मग स्टुलावर बसली, पाठ न टेकता, स्टुलाला पाठ नव्हतीच. लेकीनं कपाटातली कुपी काढली, तुझी गोळी ज्याची असते तेच हे, म्हणून सांगितलं, चिमूटभर पाण्यात विरघळवलं. काचेच्या पेल्यात नितळ पाणी. "घाल आता दूध," आई म्हणाली. "दूध आधीच पांढरं, आई. त्यात काय दिसणार? हे दुसरं पाणी बघ. दुधात असतं ते कॅल्शियम, नुसतं, दुधाशिवाय." आईनं दोन्ही पेले उजेडाकडे धरून पाहिले, नितळ आहेत याची खात्री केली, मान हलवली. "मी ओतू?" आईनंच ओतलं. हात अजिबात हलला नाही. पहिल्या थेंबाबरोबर पेल्यात एक धुरकट रेघ उतरली, दुसऱ्याबरोबर ती फुलली, आणि मग सगळा पेला आतून ढगाळत गेला, मऊ, पांढरा, जिवंत असल्यासारखा. आई चष्मा लावलेलं नाक पेल्याला लागेल इतकी पुढे वाकली. "अगं बाई," ती हळूच म्हणाली. "किती सुंदर आहे हे." आणि लेकीच्या मनात आलं, हे वाक्य, हे एवढं वाक्य ऐकायला मी केवढी वाट पाहिली. आणि ऐकलं ते कुठल्या कारणानं.

ढग हळूहळू खाली बसायला लागला. दोघी पाहत राहिल्या. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणी येऊ दे, येऊ दे म्हणून ओरडत होता.

"हे माझ्या पोटात," आई म्हणाली.

"हो."

"आणि हे पुढे जात नाही."

"नाही. इतकं घट्ट धरतात एकमेकांना की आतडं त्यांना आत घेत नाही. सगळं तसंच बाहेर."

"दोन वर्षं सगळं संडासात गेलं म्हण की," आई म्हणाली, आणि ती हसली नाही. पेल्याच्या तळाशी साठलेल्या पांढऱ्याकडे पाहत होती. चष्म्याच्या कडेला तिच्या डोळ्याभोवतीची त्वचा दाबून सुरकुतली होती. एवढा वेळ ताठ बसलेल्या तिच्या पाठीत एक लहानशी ढील पडलेली लेकीला दिसली. दुसऱ्या कुणाला दिसली नसती. मग आई म्हणाली, "घट्ट धरतं, हे मी बरोबर धरलं होतं."

"अगदी बरोबर."

"कॅल्शियमलाच धरतं, हेही."

"हेही."

"फक्त कुठे धरायचं ते चुकलं."

"फक्त ठिकाण चुकलं, आई." लेक म्हणाली. "बाकी सगळं बरोबर होतं."

आईनं चष्मा काढला, कपाळावर त्याचा वळ उमटला होता. "आणि तुला हे पुढचं ठाऊक होतं. मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?" विचारण्यात राग नव्हता. शाळेत उशिरा आलेल्या पोरीला विचारावं तसं, कारण ऐकायला खरोखर उत्सुक. लेकीनं मनात शोधलं. घाई होती, जेवण निवत होतं, विसरले. सगळी उत्तरं हाताशी होती आणि एकही खरं नव्हतं. "तू इतकं छान ऐकत होतीस," ती म्हणाली. "मला वाटलं, झालं सांगून."  आईच्या ओठाचा एक कोपरा हलला. "म्हणजे अर्ध्या हळकुंडानं पिवळी मी एकटीच नाही झाले."

"नाही. दोघी."

"मग ठीक आहे," आई म्हणाली, जणू हिशेब जुळला. स्टुलावरून उतरताना तिनं लेकीचा हात घेतला नाही, टेबलाच्या कडेला हात लावून उतरली, आणि आणलेली दुधाची बाटली उघडून, तिथेच, प्रयोगशाळेत काही खायचंप्यायचं नसतं हे कुणी सांगायच्या आत, पिऊन टाकली. "आज गोळीचा वार नाही ना," ती म्हणाली. "मग वाया कशाला घालवू?"

डॉक्टरकडे जायच्या दिवशी लेकीनं एकदा विचारून पाहिलं, "मी बोलू का आधी त्यांच्याशी?" आई आरशासमोर केस बसवत होती. "पोरी चुकल्या की मी त्यांच्या आयांना बोलावत नसे," ती म्हणाली. तिथे गेल्यावर आई खुर्चीत बसली, आणि पडद्यावर कणा उमटायच्या आत म्हणाली, "डॉक्टर, मागच्या वेळी मी तुम्हाला खोटं सांगितलं. दोन वर्षं मी गोळी दुधाबरोबर घेत होते." डॉक्टरचे हात कळफलकावर थांबले. तो पहिल्यांदाच पडद्यावरून वळला. चेहऱ्यावर ते ठरावीक हसू आलं, लहान मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवलेलं. "अहो आजी, पाकिटातल्या कागदावर लिहिलेलं असतं की."

"असतं. वाचलंही होतं. पण त्या कागदावर कारण नव्हतं. माझ्या मुलीनं कारण सांगितलं होतं, आणि मी कारणाचं ऐकते." मग आईनं सांगितलं. फॉस्फोनेटचे हात, कॅल्शियमची ओढ, पोटातली मिठी, पांढरा ढग. तिचे हात हवेत उठले, मूठ झाली, तीन बोटं बाहेर आली, दुसऱ्या हाताचा अंगठा त्यात अडकला. लेक शेजारच्या खुर्चीत गप्प बसून होती. कुठल्याही सभेत, कुठल्याही पडद्यासमोर तिला हे इतकं स्वच्छ सांगता आलं नव्हतं.  "म्हणून म्हणते," आईनं समारोप केला, "औषध नापास झालेलं नाही. ते परीक्षेलाच बसलेलं नाही. चूक माझी आहे. पण चूक आहे, वेंधळेपणा नाही. तेवढं तुमच्या कागदात नीट लिहा."

डॉक्टरचं हसू कुठेतरी गेलं होतं. त्यानं मागची नोंद पुसली, काहीतरी टंकलं, थोडा वेळ विचार केला. मग म्हणाला की मणका दबलाय, तेव्हा आता आणखी दोन वर्षं गोळीची वाट पाहायची त्याची तयारी नाही; पण असं असेल तर कूळ बदलायचं कारण उरत नाही. ह्याच घराण्यातलं एक औषध शिरेतून देतात, वर्षातून एकदा, सावकाश, सलाइनमधून. पोटाचा संबंधच नाही. रोज टोचायला नको. आईनं मान हलवली. लेकीनंही हलवली, सुटकेनं तिचे खांदे खाली आले, मनातल्या मनात ती उठलीसुद्धा, टॅक्सी, घर, चहा. आणि आई म्हणाली, "एक मिनिट. शिरेतून म्हणजे सरळ रक्तात ना?"

"हो."

"रक्तात कॅल्शियम नसतं का?"

 लेकीच्या हातातली पर्स हातातच राहिली. असतं. अर्थातच असतं. अर्धी हयात ह्या हातांच्या आणि धातूंच्या संगतीत काढून तिला हा प्रश्न पडला नव्हता; सुटकेच्या घाईत ती पुन्हा एकदा वाक्य अर्ध्यावर सोडून निघाली होती. डॉक्टरनं आईकडे पाहिलं, मग लेकीकडे, जाणकार माणसानं जाणकाराकडे पाहावं तसं, आणि तिच्याकडे तोंड करून सांगायला लागला, "असतं, म्हणूनच आपण आधी रक्तातलं कॅल्शियम..."

"त्यांना सांगा," ती म्हणाली. "प्रश्न त्यांचा आहे."

डॉक्टर थांबला. मग त्यानं पडद्याची मान बाजूला वळवली, खुर्ची पायानं ढकलत आईच्या समोर आणली, कोपरं गुडघ्यांवर टेकली.

"हं, बोला," आई म्हणाली. "आणि पार शेवटपर्यंत सांगा. मी ऐकलेल्यावर पुढे विचार करते."